व्हॅटसिमच्या गर्दीच्या इव्हेंटमध्ये विमान सुरळीत कसं न्यावं

रनवेच्या तोंडाशी येणाऱ्या जेट विमानाचा वेग साधारण 140 नॉट, म्हणजे ताशी 140 सागरी मैल असतो. दोन विमानांत 5 सागरी मैलांचं अंतर ठेवलं तर एका रनवेवर तासाला 28 विमानं उतरतात. अंतर 3 मैलांवर आणलं तर 46. त्याहून जास्त आली की ती कुठेतरी थांबवावीच लागतात, मग कंट्रोलर कितीही हुशार असो. म्हणजे इव्हेंटला उशीर होणारच, हे आधीच धरून चालायचं. आपल्या हातात एवढंच असतं, की तो उशीर अंगावर येऊ द्यायचा नाही आणि दुसऱ्याच्या अंगावर ढकलायचा नाही.

ज्यांनी अजून पाऊल टाकलेलं नाही त्यांच्यासाठी: व्हॅटसिम हे 2001 पासून चालणारं मोफत नेटवर्क आहे. घरच्या सिम्युलेटरवर विमान उडवणारे पायलट आणि घरूनच रडार सांभाळणारे कंट्रोलर, सगळे हौशी, बिनपगारी. अमेरिका आणि युरोपच्या दरम्यान अटलांटिक ओलांडण्याचा ‘क्रॉस द पाँड’ हा त्यांचा गाजलेला इव्हेंट, वर्षातून दोनदा, एकदा पूर्वेकडे आणि एकदा पश्चिमेकडे. खालची उदाहरणं बरीचशी त्याच धाटणीची आहेत, पण छोट्या इव्हेंटलाही तीच लागू पडतात.

आदल्या दिवशीची तयारी

बुकिंग असेल तर स्लॉटची, म्हणजे निघायला नेमून दिलेली वेळ झुलू, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत असते. त्यात साडेपाच तास मिळवा. 1200 झुलूचा स्लॉट म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेपाच, आणि आठ तासांचं उड्डाण असेल तर उतरताना रात्रीचा दीड. विमान अर्ध्या तासाहून जास्त वेळ वाऱ्यावर सोडून जायला नियमाने मनाई आहे, तेव्हा घरच्यांना काय सांगायचं ते आधीच ठरवा. राउटर इन्व्हर्टरवर आहे का तेही बघून ठेवा. समुद्राच्या मध्यावर लाइट गेली तर कोणाकडे दाद मागणार?

फ्लाइट प्लॅन सिमब्रीफ या वेबसाइटवर बनवता येतो, पण आयोजकांनी मार्ग ठरवून दिला असेल तर तोच जसाच्या तसा भरा. नेव्हिगेशनचा डेटा दर 28 दिवसांनी बदलतो. तुमच्या विमानातला डेटा जुना असेल तर मार्गातला एखादा पॉइंट त्याला सापडणारच नाही, आणि ते गेटवर कळलेलं बरं. इंधन नेहमीपेक्षा 45 मिनिटांचं जास्त घ्या. ए-320 होल्डमध्ये (हवेत फेऱ्या मारत थांबताना) तासाला सव्वादोन-अडीच टन पिते, म्हणजे पावणेदोन टनांच्या आसपास जादा.

आणि कालच विकत घेतलेलं विमान इव्हेंटला काढू नका. ज्याची बटणं डोळे मिटून सापडतात तेच न्या.

कॉम्प्युटरचं ओझं उतरवा

शंभर विमानं उभी असलेल्या विमानतळावर फ्रेम (पडद्यावर सेकंदाला उमटणारी चित्रं) कोसळतात. सिम्युलेटरची स्वतःची एआय ट्रॅफिक आणि लाइव्ह ट्रॅफिक पूर्ण बंद करा, नाहीतर नेटवर्कवर नसलेली विमानंही तुम्हाला दिसत राहतील आणि कंट्रोलर कुणाबद्दल बोलतोय तेच कळणार नाही. ढग, सावल्या, विमानतळावरच्या गाड्या कमी करा.

हा केवळ शोभेचा प्रश्न नाही. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये फ्रेम 20 च्या खाली गेल्या की सिम्युलेटरमधला वेळच संथ होतो. तुमच्या कॉकपिटमध्ये 160 नॉट दिसत असतात, रडारवर मात्र तुम्ही 120 ने रांगत असता आणि मागचा तुमच्या शेपटीवर येऊन आदळायच्या बेतात असतो. तुम्हाला पत्ताच नसतो.

गेटवर

लॉगिन करायचं ते पार्किंग स्टँडवरच, टॅक्सीवे किंवा रनवेवर कधीही नाही. एटीआयएस (हवामान आणि रनवेची सतत वाजणारी माहिती) ऐकून घ्या, आयएफआर क्लिअरन्स (भरलेल्या मार्गाने उडायची परवानगी) मागा आणि पूर्ण तयार झाल्यावरच पुशबॅकचं, म्हणजे गेटवरून मागे ढकलून घेण्याचं बोला. ‘रेडी’ म्हणून वर पाच मिनिटं दारं बंद करत बसणारा सगळ्यांची रांग अडवतो. पुढच्या विमानतळावर गर्दी असेल तर निघण्याची वेळ पुढे ढकलली जाईल. त्यावर कुरकुर करू नका. गेटवरच्या अर्ध्या तासाला इंधन जवळपास लागत नाही, हवेतल्या अर्ध्या तासाला लागतं.

रेडिओ

खरी टंचाई रनवेइतकीच बोलण्याच्या जागेची असते. कंट्रोलरचं वाक्य आणि तुमचं उलट वाचन (ऐकलेली सूचना परत म्हणून दाखवणं) मिळून बारा-पंधरा सेकंद जातात, म्हणजे मिनिटाला चार-पाच संवाद. वीस विमानं फ्रिक्वेन्सीवर असतील तर प्रत्येकाचा नंबर चार-पाच मिनिटांनी.

म्हणून नवी फ्रिक्वेन्सी लावली की आधी ऐका. कुणाला सूचना दिली गेली असेल तर त्याचं उत्तर येऊ द्या, मगच बटण दाबा. दोघे एकदम बोलले तर नुसती किंचाळी ऐकू येते आणि दोघांचंही वाया जातं. पहिल्या बोलण्यात लागतं तेवढंच:

“मुंबई अप्रोच, एअर इंडिया सिक्स फोर टू, डिसेंडिंग फ्लाइट लेव्हल वन थ्री झीरो, इन्फर्मेशन डेल्टा.”

(फ्लाइट लेव्हल वन थ्री झीरो म्हणजे साधारण 13,000 फूट, डेल्टा म्हणजे ऐकलेल्या एटीआयएसचं अक्षर.) गुड इव्हनिंग, हाऊ आर यू, लाँग टाइम नो सी हे सगळं रात्री गप्पांना ठेवा. उलट वाचताना रनवे, उंची, हेडिंग, वेग आणि स्क्वॉक (रडारवर ओळख पटवणारा चार आकडी कोड) यांतलं जे सांगितलं असेल ते म्हणायलाच हवं, नुसतं ‘रॉजर’ पुरत नाही. ऐकू आलं नाही तर लगेच ‘से अगेन’ म्हणा. चुकीच्या उंचीवर जाऊन मग ती सुधारण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. बोलायची भीती वाटत असेल तर टेक्स्टवरही उडता येतं, पण गर्दीत कंट्रोलरची नजर त्यावर उशिरा पडते हे लक्षात घ्या.

होल्ड

लंडन हीथ्रोला येताना चारपैकी एका थप्पीत फिरावं लागतं: बोव्हिंग्डन, लँबर्न, ऑकम किंवा बिगिन. विमानं एकावर एक, हजार फुटांच्या अंतराने गोल फिरतात. सर्वांत खालचं बाहेर काढलं की बाकीची एकेक पायरी उतरतात. तेव्हा “डिसेंड” म्हटल्यावर लगेच खाली या, कारण तुम्ही रेंगाळलात तर वरची सगळी थप्पी अडते.

होल्डचं पान एफएमसीमध्ये (विमानाचा मार्ग सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये) कसं उघडतं याचा सराव आधी, रिकाम्या आकाशात करून ठेवा. वळणं सहसा उजवीकडे, 14,000 फुटांपर्यंत सरळ बाजू एक मिनिटाची. मुख्य गोष्ट वेग. होल्डच्या पॉइंटला 290 ने पोहोचणाऱ्याचा गोल फुगून शेजारच्या हद्दीत जातो. तीन-चार मिनिटं आधीपासून कमी करत 220 च्या आसपास आणा.

फायनल

रनवेच्या रेषेतल्या या शेवटच्या टप्प्यात सर्वांत जास्त घोटाळे वेगावरून होतात. “160 नॉट, 4 मैलांपर्यंत” म्हटलं तर रनवे 4 मैलांवर येईपर्यंत 160 च. समजा तुम्ही घाबरून 10 मैलांवरच 135 केलेत. पुढचे 6 मैल कापायला तुम्हाला पावणेतीन मिनिटं लागतात, आणि तेवढ्यात 160 ने येणारा मागचा 7 मैलांहून जास्त येतो. मधले 3 मैल होते ते 2 च्या खाली गेले, आणि त्या बिचाऱ्याला गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं. तुमच्या विमानाला तो वेग झेपणार नसेल तर आधी सांगा, कंट्रोलर जागा करून देतो.

मुंबईच्या इव्हेंटला आणखी एक पेच असतो. तिथले दोन्ही रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे काम बहुतेक एकाच रनवेवर चालतं, आणि घाटकोपरच्या बाजूने उतरणाऱ्या दोघांच्या मधल्या फटीत एकाला उडवायचं असतं. अशा वेळी उड्डाणाला थांबलेल्याने ‘लाइन अप’ (रनवेवर येऊन उभं राहा) म्हटल्याबरोबर हलावं, आणि उतरलेल्याने लोकलमध्ये आपलं स्टेशन यायच्या आत दाराशी येतात तसं कुठल्या टॅक्सीवेने बाहेर पडायचं ते हवेतच ठरवून ठेवावं. रनवेवर थांबून चार्ट उघडू नका.

गो-अराउंड मिळाला तर तो घ्या, वाद घालू नका. इंधन खरंच संपत आलं असेल तर सांगा, पण रांग टाळायला खोटी इमर्जन्सी जाहीर करणाऱ्याला ती रद्द करायला किंवा लॉगऑफ करायला सांगण्याचा अधिकार कंट्रोलरला असतो, आणि तो वापरलाही जातो.

स्टँडवर पोहोचल्यावर ट्रान्सपाँडर (स्क्वॉक पाठवणारं यंत्र) स्टँडबायवर टाका, लँडिंगचा फोटो काढायचा तर काढा आणि पाच-दहा मिनिटांत लॉगऑफ करा. मागून येणाऱ्याला तोच स्टँड हवा असतो.