मृगाच्या आत कांसेवर जाळी: तयारीची यादी

बडोद्यात नदीतला कचरा अडवायचा तर नदीत उतरायचं नाही, हे यादीत सगळ्यात वर लिहून ठेवा. विश्वामित्री नदीत मगरी आहेत, ते त्यांचं घर आहे, आणि घोटाभर पाण्यातसुद्धा पाय घालायची हौस कोणी करू नये. सुदैवानं प्लॅस्टिक नदीत उगवत नाही. ते येतं कांसांमधून, म्हणजे शहरातल्या पावसाळी पाण्याच्या नाल्यांमधून. भुखी, रूपारेल, मसिया या मोठ्या कांसा आणि त्यांना मिळणारे, सोसायट्यांच्या मागच्या भिंतींना लागून वाहणारे बिननावाचे नाले. तिथे ते अडवता येतं. एकदा विश्वामित्रीला लागलं की पुढे ढाढर नदी, ढाढरीपुढे खंभातचं आखात. तिथल्या भरती-ओहोटीत पाणी 10 मीटरच्या आसपास चढतं-उतरतं, त्या पाण्यातून पिशवी परत कोण काढणार?

आपली नदी ती केवढी, तिनं समुद्राचं काय बिघडतं, असं म्हणणारे सोसायटीच्या मीटिंगमध्ये भेटतीलच. त्यांना सांगायला एक गोष्ट पाठ करून ठेवा. जगातली बहुतेक घाण दहा-बारा मोठ्या नद्याच समुद्रात नेतात, असा आधी समज होता. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं तो मोडला. नद्यांवाटे वर्षाला 8 ते 27 लाख टन प्लॅस्टिक समुद्रात जातं आणि त्यातलं 80 टक्के वाहून नेणाऱ्या नद्या हजाराहून जास्त आहेत, असा त्याचा हिशोब आहे. त्यात शहरांच्या पोटातून जाणाऱ्या छोट्या नद्यांचा वाटा फार मोठा आहे. म्हणजे विश्वामित्रीसारख्या.

आता कामाचं. चैत्रात, कांस कोरडी किंवा अर्धी कोरडी असताना, तिच्या काठानं एकदा चालत जा. कुठे कचरा आपोआप साठतो, कुठल्या पुलाखाली पाइप आडवा गेलाय, कोणत्या गल्लीतून ढीग खाली ढकलला जातो, हे कागदावर काढा. जाळी लावायची जागा सरळ, संथ आणि रस्त्याला लागून हवी. वळणावर नको, कारण तिथे बाहेरच्या काठाला पाण्याचा सगळा जोर लागतो.

त्याच फेरीत एक गोणी भरून कचरा आणा आणि ताडपत्रीवर ओतून निवडा. हे काम टाळू नका, कारण जाळी कशी बांधायची ते ही गोणीच सांगते. आमच्या गोणीत शेव-उसळीच्या तर्रीच्या पातळ पिशव्या निघाल्या, गाठ तशीच, आत लालसर तेलाचा ओघळ सुकलेला. दुधाच्या पिशव्यांचे कापलेले त्रिकोणी कोपरे मुठीनं निघाले. गुटख्याच्या पुड्या, पाण्याचे पाउच, उत्तरायणातल्या, म्हणजे संक्रांतीच्या, प्लॅस्टिकच्या पतंगांचे तुकडे आणि या सगळ्याला करकचून बांधणारा नायलॉनचा मांजा. उन्हात वर्षभर पडलेली एक पिशवी उचलायला गेलं तर हातातच तिचा चुरा झाला. म्हणून निवडणी उन्हाळा संपायच्या आत करावी. चुरा झाल्यावर तो कुठल्याच जाळीत सापडत नाही.

पिशव्या, झाकणं, दुधाच्या थैल्या पाण्यावर तरंगतात. पाण्याची बाटली ज्या प्लॅस्टिकची असते ते पाण्यापेक्षा जड, त्यामुळे झाकण लावलेली बाटली तरंगते आणि उघडी बाटली भरून तळाला जाते. पातळ पिशवीत थोडा गाळ शिरला की ती मधल्या पाण्यातून जाते. म्हणून नुसती तरंगती दोरी पुरत नाही. तिच्याखाली हात-सव्वा हात लोंबणारी जाळी हवी आणि जाळीच्या खालच्या कडेला वजनासाठी साखळी. तळापर्यंत मात्र जाळी नेऊ नका. खालून पाणी मोकळं गेलं पाहिजे.

हे मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण इथे चूक झाली तर कचऱ्यापेक्षा मोठं संकट ओढवेल. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली तेव्हा घराघरांत पाणी शिरलं होतं. ज्या जाळीमुळे कांस तुंबेल, ती जाळी लावायचीच नाही. लोखंडी चौकट घट्ट बसवून देतो म्हणणाऱ्या फॅब्रिकेटरला नम्रपणे परत पाठवा. ग्वाटेमालात लास वाकास नदीवर 2022 मध्ये 'द ओशन क्लीनअप' या संस्थेनं उंच कुंपण घातलं होतं. पुरानं त्याच्या पायाखालची माती खणून काढली आणि कुंपण कोलमडलं. पुढच्या वर्षी त्याच नदीवर त्यांनी तरंगते अडसर लावले. एवढ्या पैशांनी शिकलेला धडा आपल्याला फुकट मिळतोय, तो घ्यावा.

तेव्हा अडसर तरंगता हवा आणि प्रवाहाला तिरका हवा. आडवा लावला तर पाण्याच्या जोरानं कचरा खालून निसटतो. तिरका लावला की घसरत घसरत एका काठाला येऊन साठतो, आणि तो काठ आपल्या उभं राहण्याचा असला पाहिजे. तिरका असल्यामुळे लांबी कांसेच्या रुंदीच्या साधारण दीडपट धरा. तरंगण्यासाठी घट्ट बुचाचे रिकामे कॅन चालतात, पण प्रत्येक कॅन वेगळा बांधा, म्हणजे एक फुटला तरी बाकीचे तरतील. एका टोकाचा खांब पक्का, काठापासून चांगला मागे, खोल गाडलेला. आपल्या बाजूचं टोक एका झटक्यात सुटेल अशा हुकावर. मोठ्या पावसाचा इशारा आला की आधी साठलेला कचरा उचलायचा, मग हुक सोडायचा. सोडणारा माणूस आणि त्याच्या गैरहजेरीतला दुसरा माणूस, दोघांची नावं आजच ठरवा.

परवानगीशिवाय खांब गाडू नका. कांस महानगरपालिकेची आहे. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज, सोबत तुमचा नकाशा आणि हुक कसा सुटतो त्याचं चित्र द्या. पावसाळी नाल्यांची जबाबदारी असलेले इंजिनिअर जागेवर आले तर फार बरं, त्यांच्या सूचना अर्जावरच लिहून घ्या. अर्जाची पोच सांभाळून ठेवा. जागा नदीच्या जवळ असेल तर वनविभागालाही कळवायचं.

कारण मगर. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत तिला संरक्षण आहे. मादी फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. म्हणून नदीच्या उतारावर या महिन्यांत फावडं चालवायचं नाही, गवत जाळायचं नाही, आपलं काम वरच्या कांसेत ठेवायचं. पावसाळ्यात मगर कांसेतही येते, रस्त्यावरही आलेली सगळ्या बडोद्यानं पाहिली आहे. त्यामुळे जाळीतला कचरा काठावरून, लांब बांबूच्या आकड्यानं किंवा दंताळ्यानं ओढायचा. सकाळी चांगलं उजाडल्यावर. संध्याकाळनंतर कचरा ओढायला कोणीही नाही. ओढणाऱ्याच्या पाठीशी एक जण फक्त पाण्याकडे बघत उभा राहील, त्यानं मोबाइल खिशात ठेवायचा. मुलांना निवडणीला जरूर बोलवा, काठावर नाही. जाळीत मगर किंवा कासव अडकलेलं दिसलं तर हात न लावता वनविभागाला फोन. नंबर खांबावर रंगवून घ्या.

सामान फार नाही: गमबूट, जाड रबरी हातमोजे, घमेली, गोण्या, मांजा कापायला जुनी कात्री, ताडपत्री, वजनकाटा. हातापायाला जखम असेल त्यानं त्या आठवड्यात काम करू नये. लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू अशाच पाण्यातून जखमेवाटे शिरतो. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, ते प्रत्येकानं घरी विचारून घ्यावं.

काढलेला कचरा कुठे जाणार हे जाळी लावण्याआधी ठरलेलं हवं. नाहीतर ढीग काठावरच पडतो आणि पुढच्या सरीला परत पाण्यात जातो. उपसलेला गाळ काठावर ठेवून जाण्याची पद्धत आपण दरवर्षी बघतो, तिचं अनुकरण नको. भिंतीच्या आत, छपराखाली वाळवायची जागा ठरवा. बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि कडक प्लॅस्टिक भंगारवाला नेईल, त्याच्याशी आधीच बोलून ठेवा. वेफरच्या चकचकीत पाकिटांना आणि गुटख्याच्या पुड्यांना भंगारात भाव नाही. ती सुक्या कचऱ्यात वेगळ्या गोणीत पालिकेच्या गाडीला द्यायची. पेटवायचं काहीही नाही, थंडीत शेकायलासुद्धा नाही. प्रत्येक गोणीचं वजन आणि आत मुख्यतः काय होतं ते वहीत लिहा.

ही वही घेऊन मग दुकानांकडे जाता येतं. 120 मायक्रॉनपेक्षा पातळ कॅरीबॅगवर 31 डिसेंबर 2022 पासून देशभर बंदी आहे, पण उसळवाल्या काकांना कायदा ऐकवण्यापेक्षा त्यांच्याच गल्लीतून आलेली गोणी दाखवा आणि डबा आणणाऱ्याला तर्री थोडी जास्त घालायची विनंती करा. घरातल्या सगळ्यांना सांगा, दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापायचा नाही, पिशवीला लटकता ठेवायचा. गणपतीत थर्माकोलचं मखर कोणी करतंय का ते श्रावणातच विचारा, आणि उत्तरायणानंतरच्या रविवारी झाडांवरचा, गच्च्यांवरचा मांजा गोळा करायची पाळी ठरवून टाका.

वैशाख संपेपर्यंत खांब उभे राहिले पाहिजेत, आणि मृग लागायच्या आत हुक सोडण्याची रंगीत तालीम, एकदा दिवसा आणि एकदा दिवे घालवून, बॅटरीच्या उजेडात. पहिल्या मोठ्या पावसानंतर खांबांची बुडं तपासा. माती खचलेली दिसली तर जाळी त्याच दिवशी काढून ठेवा आणि वॉर्ड ऑफिसला कळवा.