हाडातील सौम्य गाठ खरवडल्यावर: फिनॉल, लिक्विड नायट्रोजन की सिमेंट?

जायंट सेल ट्यूमरसारखी (हाडातली सौम्य पण परत उद्भवणारी) गाठ नुसती खरवडली तर परत येण्याची भीती मोठी असते, म्हणून पोकळीच्या भिंतीवर पूरक उपचार करतात. तो निवडताना दोन प्रश्न पुरतात: पेशी किती खोलवर मरणार, आणि तेवढ्या खोलीत आणखी काय आहे?

त्याआधी खिडकी, म्हणजे गाठीपर्यंत पोचायला हाडात पाडलेले छिद्र. ती गाठीच्या सर्वांत मोठ्या लांबीएवढी हवी. छोट्या छिद्रातून कोपरे दिसत नाहीत, आणि न दिसलेला कोपरा कोणतेही रसायन साफ करत नाही. क्युरेटने (खरवडण्याच्या चमच्याने) गाठ काढल्यानंतर हायस्पीड बरने (वेगाने फिरणाऱ्या घासणीने) कडा घासून निरोगी हाड दिसू द्या, मग जोरदार लव्हाज, म्हणजे पाण्याच्या झोताने धुणे. खरे काम इथेच होते. आधी डेनोसुमॅब (गाठ आटवून तिथे हाड कडक करणारे औषध) दिले असेल तर अधिक घासा: नव्या कडक हाडात गाठीच्या पेशी अडकलेल्या असतात.

फिनॉल हे रसायन पेशींतील प्रथिने साकळवून त्या मारते. त्याचा परिणाम साधारण १ मिमी, म्हणजे उथळ. त्याचे द्रावण ५ टक्क्यांपासून ८० टक्क्यांपुढेही वापरले गेले आहे. बोळ्याने भिंतीवर लावा, पोकळीत ओतू नका. नंतर अल्कोहोलने धुवा, कारण ते फिनॉल विरघळवून बाहेर काढते. शेवटी भरपूर सलाइन. त्वचा आणि नसा (मज्जातंतू) ओल्या पट्ट्यांनी झाका. शोषले गेले तर हृदयाची लय बिघडू शकते, त्यामुळे भूलतज्ज्ञांना आधी सांगून ठेवा.

लिक्विड नायट्रोजन उणे १९६ अंशांचे असते आणि पेशी ७ ते १२ मिमीपर्यंत मारते. झटपट गोठवा, पण वितळू द्या सावकाश. गोठताना पेशीत बर्फाचे स्फटिक होतात आणि सावकाश वितळताना ते मोठे होऊन पडदा फाडतात. म्हणून हे चक्र दोन-तीनदा करतात. टूर्निके (रक्तप्रवाह रोखणारा आवळपट्टा) लावा, नाहीतर वाहते रक्त भिंत गरम ठेवते. नायट्रोजन ओतायचे फनेल कधीही घट्ट बसवू नका: वायू शेकडो पटींनी फुगतो आणि वाट मिळाली नाही तर शिरेत शिरतो. भोवतालच्या मऊ भागावर कोमट सलाइन सतत सोडत राहा. खोलीची किंमत म्हणजे मेलेले हाड. ते महिनोन्‌महिने कमकुवत राहते, फ्रॅक्चर होऊ शकते. म्हणून प्लेट किंवा रॉडचा आधार द्या आणि वजन टाकणे लांबवा. नस चिकटून असेल तर हा उपचार टाळणेच बरे.

पोकळी भरायचे हाडाचे सिमेंट घट्ट होताना तापते. ट्रॅबेक्युलर (आतल्या जाळीदार) हाडात साधारण २ मिमीपर्यंत पेशी मरतात, कॉर्टेक्समध्ये (बाहेरच्या टणक थरात) त्याहून कमी. ४७ अंशांवर मिनिटभरही हाडाला इजा होते. त्यामुळे सांध्याखालचे हाड १ सेमीपेक्षा पातळ राहिले असेल तर आधी बोन ग्राफ्टचा (दुसरीकडून आणलेल्या हाडाच्या तुकड्यांचा) थर द्या, मग सिमेंट भरा. नाहीतर कूर्चा भाजते. सिमेंटचा आणखी एक फायदा: गाठ परतली तर सिमेंट-हाडाच्या सीमेवर एक्स-रेत वाढता काळा पट्टा दिसतो, ग्राफ्टमध्ये तो हरवतो.

आणखी दोन पूरक उपचारही आहेत. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बंद पोकळीत दाबाने भरू नये, वायूची गुठळी रक्तात जाऊ शकते. आर्गॉन बीममध्येही (आर्गॉन वायूतून वीज सोडून भिंत जाळण्याचे तंत्र) हाच धोका; शिवाय एकाच जागी टोक थांबले तर तिथले हाड जास्त जळते.