अ‍ॅनिमेशन महोत्सवाला फिल्म पाठवताना आधी हलकी प्रत काढा

बेळगावजवळच्या खानापुरात पावसाळ्यात लाइट गेली की अपलोड अर्ध्यावर तुटतं, आणि बऱ्याचदा पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागतं. ५ मिनिटांची प्रोरेस ४२२ एचक्यू फाइल (एडिटिंगनंतरची उच्च दर्जाची मूळ प्रत; १०८०पी, सेकंदाला २४ फ्रेम) साडेसहा जीबीची होते. ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) अपलोडला तिला जवळपास ३ तास लागतात. परीक्षक पहिल्या फेरीत सहसा लिंकवरच बघतात, मूळ फाइल निवड झाल्यावर मागतात. म्हणून:

१. हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एच.२६४ एमपी४ (दाबून लहान केलेली व्हिडिओ फाइल) काढा, सरासरी बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) १०,००० केबीपीएस. तीच फिल्म ३७५ एमबीच्या आसपास येते आणि १० मिनिटांत चढते.

२. संवाद मराठी-कन्नड असतील तर इंग्रजी सबटायटल चित्रातच पक्के करा. ‘काय करायलास?’ची बेळगावी चव थोडी जाते खरी, पण अर्थ पोचतो.

३. विमिओ या व्हिडिओ साइटवर फिल्म चढवून पासवर्ड लावून ठेवा. नंतर चूक दिसली तर व्हिडिओ बदलता येतो, लिंक तीच राहते. यूट्यूबवर हे जमत नाही.

४. मुदतीची वेळ आपल्या घड्याळात लिहून भिंतीला लावा. रात्री ११:५९ ‘यूटीसी’ (जागतिक प्रमाणवेळ) म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे ५:२९. ‘एओई’ (एनीव्हेअर ऑन अर्थ, म्हणजे पृथ्वीवर सगळीकडे तो दिवस संपेपर्यंत) असेल तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ५:२९.

अर्ज पाठवण्याआधी लिंक दुसऱ्याच्या मोबाइलवर, लॉगिन न करता, पासवर्ड टाकून शेवटपर्यंत चालवून बघा. आपल्या लॅपटॉपवर ती नेहमीच उघडते.