एडीएचडी असलेल्या मुलासाठी घरी काय काय करता येतं

"बूट जागेवर ठेव, हातपाय धू, डबा बेसिनमध्ये टाक आणि अभ्यासाला बस" असं मी किचनमधून ओरडायचे आणि दहा मिनिटांनी बघावं तर साहेब एक बूट हातात घेऊन भिंतीवरची पाल बघत उभे! वाटायचं मुद्दाम ऐकत नाही. पण एडीएचडी (म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जाणं) असलेल्या बऱ्याच मुलांची वर्किंग मेमरी कच्ची असते, म्हणजे आत्ता ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं जमत नाही, मग चारातल्या तीन सूचना वाटेतच सांडतात.

म्हणून आधी लांबून ओरडणं बंद. जवळ जा, टीव्ही बंद करा, त्याने तुमच्याकडे बघितलं की एकच काम सांगा आणि त्याच्याच तोंडून परत म्हणवून घ्या, ते झालं की पुढचं. सकाळच्या कामांची चित्रं दारावर लावा. "पाच मिनिटांत आवर" त्याला समजत नाही, टायमर समोर ठेवा.

स्टार चार्ट, म्हणजे काम केलं की स्टार चिकटवायचा तक्ता, सगळेच लावतात आणि आठवड्यात सोडतात. "नीट वाग" असलं काही लिहू नका, "जेवताना उठायचं नाही" असं डोळ्यांना दिसणारं लिहा, तेही दोन-तीनच. स्टार लगेच द्यायचा, बक्षीस त्याच दिवशी. परीक्षेनंतर सायकल वगैरे फार लांब पडतं हो, त्यापेक्षा झोपताना एक जास्तीची गोष्ट किंवा बाबांबरोबर कॅरमचा डाव. कमावलेला स्टार रागात काढून घेऊ नका, मी एकदा घेतला तर त्याने चार्टच फाडला. आणि आजीलाही नियम सांगून ठेवा, नाहीतर स्टार न मिळवताच लाडू मिळतो.

खेळायला आपलं चिऊ उडाली भुर्र मस्त, "म्हैस उडाली"ला बोट खाली ठेवणं म्हणजे ब्रेक लावायची प्रॅक्टिसच. पण खेळाने लक्ष सुधारेल अशी फार आशा नको. महागड्या ब्रेन ट्रेनिंग अ‍ॅपचंही तेच, त्या गेममधला स्कोअर वाढतो, वर्गातलं लक्ष फारसं नाही. त्यापेक्षा पोहे करताना आधी काय, मग काय हे त्यालाच मोठ्याने बोलत ठरवू द्या, कांदा राहिला तर राहू दे, पुढच्या वेळी आठवतो.

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी औषधाआधी पालकांचं ट्रेनिंग (मुलाशी असं कसं वागायचं हे आईबाबांनी शिकणं) असाच सल्ला अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञही देतात. मोठ्यांना बरेचदा दोन्ही लागतं, तेव्हा चार्ट जमतोय म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करू नका.