जुन्या गाडीचे दार उतरवताना

गाडी घरीच खोलायला घेतली असेल, तर बॅटरीची तार काढण्याआधी दारांच्या काचा खाली करून घ्या. पॉवर विंडो असेल तर नंतर वीज नसते आणि काच अर्धवट अडकून बसते. काच खाली असली की दार उचलताना चौकटीला धरता येतं.

बिजागऱ्यांचे बोल्ट वर्षानुवर्षं गंजलेले असतात. आदल्या रात्रीच त्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तरी हलले नाहीत, तर पान्यावर झटके देऊ नका. बोल्टचं डोकं गोल झालं की मग ग्राइंडरशिवाय सुटका नाही. आधी किंचित आवळायच्या दिशेने दाबून मग सैल करून बघा, बऱ्याचदा ‘कट्ट’ असा आवाज येतो आणि गंज सुटतो.

दार आणि ते ज्या उभ्या खांबाला बसवलेलं असतं त्याच्या मधल्या रबरी नळीत वायरिंग असतं. रबर मागे सारून कनेक्टरची खिट्टी दाबा आणि तो सोडवा. वायर कापू नका, दार विकायचं असेल तर ती लागते. दार जास्त उघडू न देणारी पट्टीही आत्ताच सोडवा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दाराचा भार. २५-३० किलोचं दार एकट्याने पेलायला जाऊ नका. खाली जॅक, त्यावर लाकडी फळी आणि जाड कापड ठेवा, शिवाय दार धरायला दुसरा माणूस हवाच. आधी खालच्या बिजागरीचे बोल्ट, वरचे शेवटी. काढलेले बोल्ट लगेच त्याच भोकांत हाताने फिरवून ठेवा.