अंथरुणापासून न्हाणीपर्यंत: घरातलं वयस्कर माणूस पडू नये म्हणून

आषाढातल्या एका पहाटे आमच्या आईचा पाय न्हाणीच्या उंबऱ्याला अडकला. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतलं जुनं घर, उंबरा चार बोटं उंच. लग्न होऊन आल्यापासून ती तो ओलांडत होती. त्या दिवशी लाईट गेली होती, आणि उंबऱ्याच्या अलीकडं ओलं पायपुसणं होतं. हाड मोडलं नाही. पण त्याआधीही ती दोनदा पडली होती आणि कुणाला बोलली नव्हती, हे तेव्हा कळलं.

म्हणून सुरुवात विचारण्यापासून करा. ‘पडलीस का?’ असं दरडावून विचारलं की ‘नाही’ असंच उत्तर येतं. बाहेर जाणं बंद करतील, ही भीती असते. ‘कुठं तोल जातोय का गं?’ असं शांतपणे, जवळ बसून विचारा.

मग रात्री दिवे मालवून त्यांच्या अंथरुणापासून न्हाणीपर्यंत स्वतः चाला. घरातलं बाकी सगळं नंतर, आधी हीच वाट. चार्जरची वायर, तांब्या, पाट, सरकणारं पायपुसणं, जे पायात येईल ते उचला. उंबरा काढता येत नसेल तर कडेला पिवळी रेडियमची पट्टी चिकटवा. लाईट गेली तरी चालेल असा बॅटरीचा दिवा वाटेत लावा आणि उशाशी टॉर्च ठेवा.

सगळ्यात जास्त वेळ न्हाणीला द्या. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये शहाबादी फरशी वाळतच नाही. शेवाळ धरतं, त्यावर साबणाचा थर बसतो. ब्लीचिंग पावडर टाकून खरखरीत ब्रशनं घासा, भरपूर पाण्यानं धुवा. त्यात ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आंघोळ बसूनच करू द्या, पण हलक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर नको. पायांना रबरी बूच असलेली भक्कम खुर्ची घ्या. उठताना धरायला भिंतीत हँडल बसवा. टॉवेलची दांडी माणसाचं वजन पेलत नाही. जुन्या पेठांतल्या मातीच्या भिंतीत तर नुसता स्क्रू टिकत नाही, म्हणून गवंड्याला भिंत दाखवा. हँडल बसल्यावर आधी तुम्ही स्वतः लोंबकळून बघा. दाराला बाहेरूनही उघडेल अशी कडी लावा.

झोपेतून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि डोळ्यांपुढं अंधारी येते. आधी कुशीवर, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसायचं, मगच उभं राहायचं. बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्यांनीही तोल जातो. गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. डोळेही तपासून घ्या.

कोल्हापुरी वहाण आपल्या अभिमानाची, पण तिचा कातडी तळ ओल्या फरशीवर घसरतो. घरात टाचेमागं पट्टा असलेली, रबरी तळाची चप्पल बरी.

‘पडेल, बसून राहा’ हे मात्र म्हणू नका. बसून पायातलं बळ जातं. ओट्याजवळ भक्कम खुर्ची ठेवून रोज दहा वेळा उठबस, मग ओटा धरून टाचा वर. एक साधी तपासणीही करा: खुर्चीतून उठून दहा फूट चालायचं, वळून येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना सांगा.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर काखेत हात घालून ओढून उठवू नका. पाय आखूड दिसत असेल, बाहेरच्या बाजूला वळला असेल, किंवा खुब्यात कळ येत असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल आणि डोक्याला मार लागला असेल, तर माणूस बरं बोलत असलं तरी लगेच दवाखान्यात न्या. काहीच लागलं नसेल तर त्यांना कुशीवर वळू द्या, मग गुडघ्यांवर येऊन खुर्चीच्या आधारानं त्यांचं त्यांनाच सावकाश उठू द्या. तुम्ही फक्त खुर्ची घट्ट धरा.