शुश्रूषा केंद्राची निविदा: पाकीट उघडण्याआधी काय वाचायचं

महापालिकेने वृद्धांसाठी दीर्घकालीन शुश्रूषा केंद्र बांधायचं ठरवलं की ज्येष्ठ नागरिक संघाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, काम कोणाला मिळालं? तो प्रश्न विचारेपर्यंत उशीर झालेला असतो. ठेकेदार कोणीही येवो, कामांच्या यादीत, म्हणजे बीओक्यूमध्ये जे आहे तेवढंच तो बांधणार. यादीत नसलेलं काम एक तर होत नाही, किंवा नंतर ‘जादा बाब’ म्हणून होतं, आणि जादा बाबीला स्पर्धा नसते. त्यामुळे ठाणे असो वा नवी मुंबई, डोळे लावून बसायचं ते निविदा निघाल्यापासून पूर्व-निविदा बैठकीपर्यंतच्या, म्हणजे बोली भरण्याआधी ठेकेदारांच्या शंका ऐकतात त्या बैठकीपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांवर.

कागद मिळवणं

राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर आणि महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या निविदा विभागात सूचना शोधा. नुसतं पाहायला डिजिटल स्वाक्षरी लागत नाही, ती बोली भरणाऱ्याला लागते. कॅप्चा टाकला की निविदा सूचना, अटी-शर्ती, नकाशे आणि बीओक्यू उतरवून घेता येतात. दर चार दिवसांनी पुन्हा पाहा, कारण पात्रतेच्या अटी आणि तारखा शुद्धिपत्रकात बदलतात आणि शुद्धिपत्रकाची जाहिरात कोणी करत नाही.

मंजूर अंदाजपत्रक आणि दर विश्लेषण, म्हणजे प्रत्येक बाबीचा दर कसा काढला त्याचा हिशेब, तिथे नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागतो. १० रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमानुसार एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तराला ३० दिवस. अडचण अशी की निविदेची मुदत बहुधा त्याआधीच संपते. म्हणून अर्ज प्रशासकीय मान्यता मिळाली की लगेच टाकायचा, निविदेची वाट पाहायची नाही. मागणी नेमकी लिहा: ‘तांत्रिक मंजुरी मिळालेले अंदाजपत्रक, मोजमाप तक्ते, दर विश्लेषण व वास्तुविशारदाचे नकाशे यांच्या प्रती.’ बोली भरणाऱ्यांची कागदपत्रं प्रक्रिया चालू असताना मागितलीत तर व्यावसायिक गोपनीयतेचं कारण देऊन नकार येतो. सगळ्या बोलींचा तुलनात्मक तक्ता कार्यादेशानंतर, म्हणजे काम सुरू करायचा आदेश निघाल्यावर मागा.

नकाशा आणि यादी शेजारी ठेवा

वृद्धाश्रम म्हणजे वसतिगृह, अशा समजुतीने नकाशा काढलेला असेल तर इथेच कळतं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्ये वृद्ध व अशक्तांची निवासगृहं संस्थात्मक इमारतींच्या गटात, सी-२ मध्ये येतात. नकाशावर ‘निवासी’ असा वापर लिहिला असेल तर जिन्यापासून अग्निशमनापर्यंत सगळं हलकं धरलेलं असण्याची शक्यता आहे.

मग पट्टी घेऊन बसा. खाट फिरवायची तर कॉरिडॉर २.४ मीटर हवा. दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मि.मी., रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको, म्हणजे जोतं ६०० मि.मी. असेल तर रॅम्प ७.२ मीटर लांब, शिवाय वर-खाली सपाट जागा. व्हीलचेअर वळायला १५०० मि.मी. व्यासाची मोकळी जागा लागते. लिफ्ट साध्या आठ जणांच्या पाळण्याची असेल तर रुग्ण खाटेसकट खाली येणार नाही. खाटच दोन मीटरच्या वर असते, तेव्हा पाळणा दारापासून मागच्या भिंतीपर्यंत २.४ मीटरच्या आसपास पाहिजे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम पाळले नाहीत तर बांधकाम पूर्णत्वाचा दाखलाच मिळू शकत नाही. पत्रात या कलमाचा उल्लेख केला की उत्तर लवकर येतं.

आता यादीत काय शोधायचं ते. बहुतेक यादी राज्याच्या दरसूचीवरून, म्हणजे सरकारी बांधकामाच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून उचललेली असते आणि दरसूचीत खोदाई, काँक्रीट, सळई, गिलावा, फरशी व्यवस्थित असतं. शुश्रूषेच्या गोष्टी तिथे सहजी सापडत नाहीत, म्हणून त्या सुटतात. बेडपॅन धुण्याची वेगळी खोली, मळक्या कपड्यांची धुलाई, प्रत्येक खाटेजवळ नर्सला बोलावायचं बटण आणि त्याची वायरिंग, ऑक्सिजनची पाइपलाइन, जनरेटर आणि त्यावर नेमका किती भार, मृतदेह काही तास ठेवायची जागा. शेवटची गोष्ट बैठकीत कोणी उच्चारत नाही, पण ६० खाटांच्या केंद्रात ती लागतेच.

न्हाणीघरावर मात्र एक संध्याकाळ घालवा. वृद्ध पडतात ते इथे, आणि बांधकामाचे बहुतेक वादही इथूनच निघतात. हातधरणीच्या दांड्यांची बाब यादीत असते, ‘स्टेनलेस स्टील ग्रॅब बार, नग १२०’ अशी. त्या कशात बसणार ते मात्र लिहिलेलं नसतं. आतल्या भिंती आता १०० मि.मी. जाडीच्या एएसी ब्लॉकच्या असतात, ज्यांना साइटवर सरसकट सिपोरेक्स म्हणतात. हा ब्लॉक भुसभुशीत. त्यात साधा अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत पकड घेणारा बोल्ट ठोकला की तो पकड धरत नाही, आणि ७० किलोचं माणूस दांडीवर भार टाकून उठायला लागलं की दांडी टाइलसकट हातात येते. उपाय स्वस्त आहे, फक्त वेळेवर हवा: कमोडच्या बाजूच्या भिंतीत जमिनीपासून ६०० ते १००० मि.मी. उंचीच्या पट्ट्यात ब्लॉकऐवजी आरसीसी पट्टा किंवा भरीव काँक्रीटचे ब्लॉक. टाइल लागल्यावर हे करायचं म्हणजे भिंत फोडणं. तेव्हा यादीत ही ओळ स्वतंत्र असायला हवी.

दार आत उघडणारं असेल तर आत पडलेल्या माणसाच्या अंगावरच ते अडतं, म्हणून बाहेर उघडणारं किंवा सरकतं मागा. आपल्याकडे न्हाणीला ग्रॅनाइटचा उंबरा द्यायची सवय आहे. इथे १२ मि.मी.हून जास्त उंबरा नको, पाणी अडवायचं ते उताराने आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीच्या योग्य जागेने. ट्रॅप दाराशी असेल तर पाणी खोलीत येणारच.

जमीन

नवी मुंबईत खाडीलगतच्या सेक्टरांत खाली मऊ सागरी चिखल असतो, ठाण्यात घोडबंदर पट्ट्यात एका बाजूला डोंगराचा मुरूम-खडक आणि दुसऱ्या बाजूला खाडी. बोअर, म्हणजे जमीन तपासायला पाडलेली खोल भोकं, न घेता अंदाजपत्रक केलं असेल तर पाया ‘साधा’ धरला जातो आणि काम सुरू झाल्यावर पाइल, म्हणजे जमिनीत खोलवर जाणारे काँक्रीटचे खांब निघतात. पाइलची बाब यादीत नसेल तर ती जादा दरसूचीत, म्हणजे ईआयआरएलमध्ये जाते, आणि खर्च कोटींनी हलतो. भूतांत्रिक अहवाल निविदेत जोडला आहे का, बोअर किती आणि किती खोल, एवढं विचाराच. मुदतीपुढे ‘पावसाळा धरून’ आहे की ‘पावसाळा वगळून’ तेही वाचा. त्या दोन शब्दांत चार महिने आहेत.

पत्र कसं लिहायचं

पूर्व-निविदा बैठकीत ठेकेदारांचे प्रश्न घेतात. तुमचं पत्र त्याआधी कार्यकारी अभियंत्याकडे आणि प्रत शहर अभियंत्याकडे जायला हवी, ठाण्यात पाचपाखाडीला, नवी मुंबईत बेलापूरच्या मुख्यालयात. आवक क्रमांकाची पोच घ्या. ‘ज्येष्ठांसाठी उत्तम सुविधा असाव्यात’ असं लिहिलंत तर ते फायलीला लागतं. ‘बाब क्र. अमुकमध्ये ग्रॅब बार आहे, आधाराच्या भिंतीची बाब नाही, शुद्धिपत्रकाने समाविष्ट करावी’ असं लिहिलंत तर कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं. एका पत्रात सातपेक्षा जास्त मुद्दे नकोत.

पाकिटं

आधी तांत्रिक पाकीट, पात्र ठरलेल्यांचंच आर्थिक पाकीट. पात्रतेसाठी ‘तत्सम काम’ म्हणजे काय ते पाहा. केंद्रीय दक्षता आयोगाच्या ढाच्यात अंदाजित रकमेच्या ४० टक्क्यांची तीन, ५० टक्क्यांची दोन किंवा ८० टक्क्यांचं एक काम मागतात. तत्सम म्हणजे ‘इमारत’ असेल तर स्पर्धा होते. ‘महापालिका हद्दीतील वृद्धांचं शुश्रूषा केंद्र’ असं असेल तर अट कोणासाठी तरी बेतली आहे असं समजायला हरकत नाही.

बोली क्षमतेचं, म्हणजे ठेकेदार आणखी किती रकमेचं काम पेलू शकतो याचं गणित स्वतः करता येतं: अ × न × २ वजा ब. ‘अ’ म्हणजे गेल्या पाच वर्षांतल्या एका वर्षाचं सर्वाधिक काम, ‘न’ या कामाची वर्षं, ‘ब’ हातातली उरलेली कामं. काम २० कोटींचं आणि दोन वर्षांचं असेल, अ १२ कोटी आणि ब ९ कोटी, तर क्षमता ३९ कोटी, चालेल. ब ३० कोटी निघाला तर १८ कोटी, अपात्र. गोम ‘ब’मध्ये असते, कारण तो आकडा ठेकेदार स्वतः प्रतिज्ञापत्रावर देतो.

आर्थिक पाकिटात ‘२२ टक्के कमी’ दिसलं की टाळ्या वाजवू नका. २० कोटींचं काम १५.६ कोटींत. सिमेंट, सळईचे भाव सगळ्यांना सारखेच, मग बचत निघते ती मजुरी, क्युरिंग (काँक्रीटला पाणी मारणं) आणि वॉटरप्रूफिंगमधून, किंवा पुढच्या जादा बाबींतून. एवढ्या कमी दरासाठी अतिरिक्त सुरक्षा ठेव घ्यायची असते. ती कार्यादेशाआधी भरली का आणि बँक हमीची मुदत काम संपेपर्यंत आहे का, ते माहिती अधिकारात मिळतं. आकड्यांची तुलना करताना १८ टक्के जीएसटी आणि बांधकाम कामगारांचा १ टक्का उपकर आत की बाहेर, तेही बघा. वर्तमानपत्रात निम्मा गोंधळ त्यामुळेच होतो.

पुढे प्रस्ताव स्थायी समितीकडे जातो. सभागृहाची मुदत संपून प्रशासक असेल तर तो अधिकार प्रशासकाकडे. मंजुरी, स्वीकृती पत्र, ठेव, करारनामा आणि मग कार्यादेश. याच टप्प्यावर एक प्रश्न लेखी विचारून ठेवा: केंद्र चालवणार कोण? चालवण्याची निविदा बांधकाम संपल्यावर काढली तर इमारत कुलूपबंद राहते, आणि आलेला चालक म्हणतो स्वयंपाकघर लहान आहे.

कार्यादेशानंतर

मोजमाप पुस्तकात कोणत्याही बाबीचं परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून वाढलं की थांबून कारण मागा. माहिती अधिकाराच्या कलम २(ञ) खाली कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने दोन्ही मागता येतात. पाहणीचा दिवस निवडायचा झाला तर न्हाणीघरांत फरशी बसण्याआधीचा निवडा. वॉटरप्रूफिंगवर पाणी भरून ४८ तास ठेवायची चाचणी त्या वेळी चालते. पाण्याच्या पातळीला भिंतीवर पेन्सिलीने खूण करा, फोटोत तारीख येऊ द्या, आणि खालच्या मजल्यावर जाऊन छताला हात लावून बघा.